सायकलवरून काजूच्या भट्ट्या: सत्तरीची फेरी नीट कशी करायची

गोव्यात मार्च उजाडला की दरवर्षी हेच चालतं. चार मित्र सायकली काढतात, निवांत नाश्ता करून निघतात, भर बाराला सत्तरी तालुक्यातल्या वाळपईत पोचतात, तिथून काजूची दारू गाळायची भट्टी कुठे भट्टी कुठे विचारत फिरतात, पहिली सापडली की तिथेच हुर्राक (पहिल्या गाळण्याची काजूची दारू) मारतात आणि मग परतीच्या चढावर एकाला गरगरतं, दुसऱ्याची ट्यूब जाते आणि तिसरा टेम्पो शोधतो. भट्टी नीट बघितली का विचारलं तर नाही, फोटो काढले. द्राक्षांचे मळे बघायला लोक नाशिकला जातात, आपल्याकडे द्राक्षं पिकत नाहीत पण काजू पिकतो आणि त्याच्या भट्ट्या सायकलने फिरण्यासारख्या जवळजवळ आहेत, फक्त क्रम चुकतो. बघायचं आधी, सायकल चालवायची त्याच्यासोबत, आणि प्यायचं सगळ्यात शेवटी, सायकल स्टँडला लागल्यावर. एवढं ज्याला जमणार नाही त्याने सरळ कार आणि न पिणारा ड्रायव्हर घेऊन जावं, मला काही अडचण नाही.

खालचं सगळं सत्तरी धरून लिहिलंय, म्हणजे वाळपई बेस. सांगे, केपे, काणकोणलाही हेच लागू पडतं, रस्ते तेवढे वेगळे.

टप्पा १: तारीख ठरवणं

काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत. पण पूर्ण हंगाम सारखा नसतो. सुरुवातीला बोंडू, म्हणजे काजूची फळं, कमी पडतात, भट्टी एक दिवसाआड पेटते, तुम्ही जाता आणि थंड भाण (गाळायचं भांडं) बघून येता. मार्चचा शेवट ते एप्रिलचा तिसरा आठवडा हा भरवशाचा काळ. त्यानंतर माल असतो पण ऊन आणि दमटपणा सायकलवाल्याला सोसत नाही, आणि मेमध्ये एखादा वळीव पडला की खाली पडलेले बोंडू कुजतात आणि कामं आटपायला लागतात.

शिगमो, म्हणजे गोव्यातला होळीचा सण, कधी आहे ते कॅलेंडरवर बघा. सत्तरीत शिगमो म्हणजे दोन तासांचा कार्यक्रम नव्हे, गावंच्या गावं त्यात असतात, त्या दिवसांत भट्टीवर माणूस भेटला तरी तुमच्याशी बोलायला त्याला वेळ नसतो. शिगमो बघायला जायचं असेल तर जरूर जा, पण ती वेगळी फेरी.

रविवार टाळा असं मी म्हणेन. रविवारी बागायतींकडे गाड्या भरभरून पिकनिकवाले येतात आणि भट्टीवाला वैतागलेला असतो, मंगळवार-बुधवार गेलात तर तोच माणूस स्वतःहून निरो, म्हणजे बोंडूचा ताजा रस, पाजेल.

टप्पा २: आधी फोन, मग सायकल

ही पायरी सगळे गाळतात. भट्टी म्हणजे दुकान नव्हे, पाटी नसते, वेळ नसते, बऱ्याचदा बागायतीच्या आत ओहोळाच्या काठी असते कारण भट्टीला पाणी भरपूर लागतं. गूगल मॅपवर 'फेणी' टाकून जे सापडतं ते बहुतेक बार किंवा बाटल्या विकणारं दुकान.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या, काजूचे झोन (पट्टे) अबकारी खात्याकडून पावणीला, म्हणजे लिलावाला, लागतात, ज्याने पावणी घेतली त्याने पैसे मोजलेत, भट्टीला लायसन्स असतं. म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी ऐन धंद्याच्या जागी जाताय. वाळपईत कुणी ओळखीचं असेल, ऑफिसमध्ये सत्तरीचा सहकारी असेल (पणजीतल्या कुठल्याही सरकारी ऑफिसात एक तरी निघतोच), त्याच्याकडून दोन भट्टीवाल्यांचे नंबर घ्या. आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारा:

उद्या भट्टी पेटणार का? बोंडू कधी मळणार? आम्ही किती वाजता आलो तर अडचण होणार नाही?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तो विचारला की समोरचा माणूस बदलतो. वयस्कर असेल तर मामा म्हणा, 'बॉस' आणि 'भाई' नको.

तपासा: दोन भट्ट्यांचा होकार आहे का? एकच असेल तर जाऊ नका असं नाही, पण एका भट्टीवर सगळी कामं एकाच वेळी बघायला मिळत नाहीत, का ते टप्पा ५ मध्ये.

टप्पा ३: सायकल आणि सामान

किनाऱ्यावर भाड्याने मिळतात त्या बास्केटवाल्या सायकली इथे आणू नका. बारीक टायरची रोड बाइक पण नको. मुख्य रस्ते डांबरी आणि बरे आहेत पण भट्टीकडे जाणारा शेवटचा तुकडा लाल मातीचा, जांभ्याच्या खड्यांचा आणि उताराचा असतो, तिथे ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर तरी हवा. हायब्रिड किंवा एमटीबी चालेल. मागचा ब्रेक घरी तपासा, कारण खाली ओहोळाकडे जाताना तोच लागतो.

पाणी माणशी तीन लिटर. हे जास्त वाटतं, नाही आहे, एप्रिलमध्ये सत्तरीत किनाऱ्यासारखा वारा नसतो, घाम वाळतच नाही. ओआरएसची दोन पाकिटं. दोन स्पेअर ट्यूब, पंप, पॅच. काचेची एक रिकामी बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळून, कशासाठी ते पुढे. रोख पैसे, सुट्टे, कारण आत नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं. ऑफलाइन मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा.

कपड्यांबद्दल दोन मुद्दे आणि दोन्ही गंभीर आहेत. एक, पांढरी किंवा महागडी जर्सी घालू नका, बोंडूच्या रसाचा डाग जात नाही, कितीही साबण घासा. दोन, पूर्ण पाय झाकणारी पँट किंवा टाइट्स आणि वर ओढता येतील असे मोजे. उकडतं, माहीत आहे, तरी घाला. कारण पुढचा इशारा.

इशारा, माकडताप: सत्तरीत २०१५ साली पाळी गावात माकडतापाचे रुग्ण सापडले आणि त्यानंतरही काही वर्षं तालुक्यात लागण होत राहिली. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि गोचिडींचा हंगाम नेमका काजूच्या हंगामावर येतो, काजू गोळा करणाऱ्यांनाच म्हणून तो जास्त झाला. वाळक्या पानांवर बसू नका, लोळू नका, सायकल आडवी टाकून झाडाखाली झोपणं तर अजिबात नको. आरोग्य खातं गोचीड दूर ठेवणारं डेपा नावाचं तेल देतं, ते मिळालं तर हातापायांना लावून जा, स्थानिक लोकही लावतात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटोसुद्धा नको, आरोग्य केंद्राला कळवा.

टप्पा ४: पोचणं आणि मार्ग

पणजी ते वाळपई पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. एका दिवसात सायकलने जाऊन, भट्ट्या फिरून, परत येणारे आहेत पण ते सायकलवालेच आहेत, आपण नाही. तीन पर्याय:

पहिला, सायकली गाडीवर टाकून पहाटे वाळपईत, तिथून फिरायला सुरुवात. बहुतेकांसाठी हाच बरोबर.

दुसरा, आदल्या दिवशी सायकलने जायचं आणि वाळपई-साखळी भागात रात्री राहायचं. जाताना हायवे धरू नका. जुने गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वे, तिथून डिचोली, साखळी, होंडा, वाळपई. लांब पडतं थोडं पण दोन्ही फेऱ्यांमध्ये दम खायला मिळतो आणि दिवाडीतला रस्ता सकाळी रिकामा असतो. थिवी किंवा करमळी स्टेशनवर उतरणाऱ्यांनाही हाच बेत जमतो, फक्त थिवीवाल्यांनी थेट डिचोलीकडे वळायचं.

तिसरा, पणजीहून बसने जाऊन तिथे सायकल भाड्याने घेऊ. हा पर्याय विसरा, वाळपईत सायकल मिळेलच या भरवशावर बेत करू नये.

होंडा, उसगाव, साखळी या पट्ट्यात खनिजाचे ट्रक असतात. ते रांगेने येतात, एकामागे एक, पहिला गेला म्हणून रस्त्यावर आलात तर दुसरा मागे असतोच. सकाळी लवकर हा पट्टा पार करा आणि धूळ असेल तर रुमाल बांधा. केरीवरून चोर्ला घाटाचा रस्ता मॅपवर फार सुंदर दिसतो, पण वळणावळणाच्या घाटात बेळगावची अवजड वाहतूक असते, आणि तुम्हाला भट्ट्या बघायच्या आहेत, घाट नव्हे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने वाळपई, नगरगाव, धावे, उस्ते ही बाजू धरावी. चढउतार आहेत पण जीव काढणारे नाहीत, दोन्ही अंगाला काजू आणि मधून म्हादईचं पाणी. ठाणे, हिवरे, चरावणेची बाजू दुसऱ्या खेपेला, तिकडे चढ लागतात.

इशारा: या भागाला लागून म्हादई अभयारण्य आहे. डांबरी रस्ता सोडून जंगलात जाणारी वाट मॅपवर दिसते म्हणून आत शिरू नका, अभयारण्यात जायला वन खात्याची परवानगी लागते, शिवाय गवे असतात. आणि सिगरेट, काडेपेटी खिशातसुद्धा नको. या दिवसांत पानं इतकी वाळलेली असतात की एक थोटूक अख्खा डोंगर पेटवू शकतं, २०२३ च्या मार्चमध्ये याच पट्ट्यात किती दिवस आगी धुमसत होत्या ते आठवत असेलच.

टप्पा ५: भट्टीवर, काय कधी बघायचं

इथे वेळ द्या, बाकी फेरी याच्यासाठीच आहे. सहा वाजता वाळपईत हलका नाश्ता, उंडो (गोव्याचा पाव) आणि पातळ भाजी, फार नको, आणि साडेसहाला सायकलवर. का, तर काजूचं काम सूर्याबरोबर चालतं.

सकाळी सात ते नऊ, बागायत. फेणीचा बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेला उचलतात. बायका टोपल्या, डबे घेऊन उचलत जातात आणि बी तिथल्या तिथे पिळून वेगळी करतात. तुम्ही बाजूला उभे राहून बघा, विचारल्याशिवाय एकही बोंडू उचलू नका, पडलेला असला तरी तो कुणाचा तरी माल आहे. विचारलंत तर दोन हातांत चार देतील. खाताना मीठ लावून खा, नाहीतर घसा खवखवतो. ओली बी दातांनी फोडायचा प्रयत्न करू नका, सालीतल्या तेलाने ओठ आणि जीभ भाजते, खरोखर फोड येतात. सायकल काजूच्या झाडाला टेकवू नका, हुमले (लाल मुंग्या) असतात आणि ते हँडलवरून ग्लोव्हजमध्ये जातात.

दहाच्या पुढे, मळणं. जुन्या पद्धतीत दगडात कोरलेल्या कोळंबीत, म्हणजे खळग्यात, बोंडू पायांनी मळतात, आता बऱ्याच ठिकाणी यंत्र किंवा पिंजऱ्याचा प्रेस असतो. दोन्ही बघण्यासारखं. पहिला रस भांड्यात जातो आंबायला. उरलेल्या चोथ्याचा ढीग करून, वेलीने किंवा दोरीने आवळून वर दगड ठेवतात, आणि त्यातून थेंबथेंब गळतो तो निरो. तो आंबवायचा नसतो, प्यायचा. यात दारू नाही, सायकलवर चालतो, पण फक्त ताजा. सकाळचा निरो दुपारी तीनला पिऊ नका, उन्हात तो झपाट्याने आंबायला लागतो आणि पोट बिघडतं. बाटलीत भरून बॅगेत टाकणारे तर झाकण उडवून घेतात.

आंबवण. जुनी मातीची कोडी, म्हणजे रांजण, जमिनीत अर्धी पुरलेली असतात, आता प्लास्टिकचे ड्रमही दिसतात. दोन-तीन दिवस रस आपोआप फसफसतो, बाहेरचं यीस्ट घालत नाहीत. ड्रमवर वाकून नाक लावून वास घेऊ नका, वर आलेला वायू एकदम डोक्यात जातो.

भट्टी. एका भट्टीवर मळणं आणि गाळणं बहुतेक एका वेळी जुळत नाही, म्हणून दोन भट्ट्या. तांब्याच्या भाणात आंबलेला रस, तोंड मातीने लिंपून बंद, तिथून नळी निघते ती लावणीत, म्हणजे गोळा करायच्या मडक्यात. लावणी पाण्यात असते आणि एक जण सतत तिच्यावर पाणी ओतत बसलेला असतो, लाकडी दांड्याच्या करवंटीने, एका लयीत, गप्पा मारतानाही हात थांबत नाही, कारण थांबला तर वाफ गार होत नाही आणि माल जातो. आता पुष्कळ जणांनी टाकीतली कॉइल बसवलीय, त्यामुळे हा माणूस दिसला तर त्याच्याजवळ पाच मिनिटं बसा. त्याला बोलण्यात गुंतवू नका मात्र.

पहिल्या गाळण्यातून निघतो हुर्राक. हुर्राक रसात मिसळून परत गाळला की फेणी. ताकद ग्रावमध्ये मोजतात, हुर्राक साधारण १४ ते १६, फेणी १८-२० च्या आसपास. आणि इथे लोक जबरदस्त फसतात: १५ ग्राव म्हणजे १५ टक्के अल्कोहोल नव्हे. या मापात नुसतं पाणीच १० च्या जवळपास दाखवतं, तेव्हा १५ ग्राव हुर्राक १५ टक्क्यांपेक्षा बराच कडक असतो, बिअरचा मोठा भाऊ समजून ग्लास भरणारे याच हिशेबात आडवे होतात.

भट्टीवर करायचं नाही असं: धगीजवळ टायर नेऊ नका. कामगारांचे फोटो विचारल्याशिवाय नको, विशेषतः बायकांचे. ड्रोन नको. "पाजा की थोडा" असं म्हणू नका, दिला तर एक घोट चाखा, ओठ ओले करण्यापुरता, आणि हसून सांगा, मामा, परत येताना सायकल चालवायचीय. कुणीही वाईट मानत नाही, उलट तुमच्याबद्दल बरं बोलतात. निघताना पैसे द्यायचे असतील तर टिप म्हणून हातात कोंबण्यापेक्षा काजूगर किंवा बोंडू विकत घ्या.

तपासा, निघण्याआधी: अकरा वाजलेत का? पाणी एक लिटर तरी उरलंय का? गटातल्या कुणाचं डोकं दुखतंय का? डोकं दुखणं ही ऊन लागल्याची पहिली खूण असते, त्याला सावलीत (उघड्या जागी, वाळक्या पानांवर नव्हे) बसवून ओआरएस द्या. घाम थांबून अंग तापलं किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर वेळ घालवू नका, अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा. वाळपईत सरकारी आरोग्य केंद्र आहे.

टप्पा ६: परत बेसवर, आणि आता पेला

साडेअकरा-बारापर्यंत वाळपईत परत. सायकली कुलूप लावून ठेवा किंवा गाडीवर चढवा, चावी न पिणाऱ्याकडे. मग आधी पाणी, मग जेवण, शीत-कडी-सुकं जे असेल ते, आणि त्यानंतर हुर्राक. उपाशीपोटी आणि घामाने कोरडं पडलेल्या अंगावर हुर्राक म्हणजे संध्याकाळ गेली. गोव्यात दारू प्यायचं वय २१ आहे, गटात कॉलेजवाले असतील तर त्यांना लिम्काच.

हुर्राकात लिम्का, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत नसतं ते हे की मिरची आणि गोडव्याने ताकद लपते, म्हणून पेग मोजून घाला, हाताने ओतू नका. हुर्राक आणि फेणी एकाच बैठकीत नको. आणि 'थोडं उतरलं की सायकलने निघू' हे बोलणं ज्याच्या तोंडून येईल त्याची सायकल त्या दिवशी तिथेच राहील असं आधी ठरवून टाका.

टप्पा ७: बाटली आणि घरी पोचल्यावर

आता ती काचेची बाटली. फेणी प्लास्टिकमध्ये ठेवली की प्लास्टिकचा वास धरते, म्हणून काच. टॉवेलात गुंडाळून पॅनियरच्या (मागच्या चाकाशी लावायच्या बॅगेच्या) मधोमध उभी, कॅरियरला बंजीने बांधून नव्हे, पहिल्याच स्पीडब्रेकरला जाते. घ्यायची ती लायसन्सवाल्याकडूनच. महाराष्ट्रातून किंवा बेळगावहून आलेल्यांनी भरून घेतलेली सुटी बाटली सीमेपलीकडे न्यायचा विचारच करू नये, चेकपोस्टवर बॅग उघडतात. न्यायचीच असेल तर दुकानातून सीलबंद घ्या, बिल घ्या आणि परमिट करून घ्या.

घरी आल्यावर आंघोळीआधी पूर्ण अंग तपासा, गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, मोज्यांच्या रेषेवर, केसांत. गोचीड सापडली तर बोटांनी चिरडू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि जागा साबणाने धुवा. कपडे गरम पाण्यात. पुढच्या आठ-दहा दिवसांत अचानक जोरात ताप, अंगदुखी, डोकेदुखी आली तर घरच्या घरी गोळ्या खात बसू नका, डॉक्टरकडे जा आणि काजूच्या बागायतीत गेलो होतो हे स्वतःहून सांगा, ते त्यांनी विचारेपर्यंत थांबू नका.

सायकल त्याच दिवशी धुवा. लाल धूळ आणि बोंडूचा रस मिळून चेनवर जो चिकटा बसतो तो दुसऱ्या दिवशी रॉकेलशिवाय निघत नाही, वर मुंग्या येतात. हुर्राक आणला असेल तर तो फेणीसारखा वर्षभर ठेवायच्या भानगडीत पडू नका, तो हंगामातच प्यायचा, पाऊस लागायच्या आत संपवा.